फौंड्रीचा मेल सर्व्हर नव्या मशीनवर: कामाच्या नोंदी, मे-जून २०२४

२० मे, सोमवार

आजपासून रोजचं रोज लिहून ठेवायचं ठरवलंय. आत्ताचं मशीन २०१५ ला बसलं तेव्हा कुणीच काही लिहून ठेवलं नाही, त्यामुळं कुठली सेटिंग का केलीय हे आजही अंदाजानं चाललंय आणि कशाला हात लावायचा म्हटलं की भीती वाटते.

परिस्थिती अशी आहे. बेळगावच्या उद्यमबागेतली फौंड्री, मेलबॉक्स ८६, मेलचा एकूण साठा ६४० जीबी, फाइली ३१ लाखाच्या वर. मशीनची सिस्टिम सेंटॉस ७, त्यावर मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स आणि मेल साठवून दाखवणारा डोव्हकॉट हे प्रोग्रॅम, दोन २ टीबीच्या डिस्क मिररमध्ये, म्हणजे एकीवरचं सगळं दुसरीवरही. त्यातल्या एका डिस्कचे खराब सेक्टर फेब्रुवारीत १६ होते, आज बघितलं तर ३१२. आणि ३० जूनला सेंटॉस ७ चे अपडेट कायमचे बंद होणार, म्हणजे दोन्ही बाजूनी घड्याळ चालू आहे.

मालकांना सकाळी सांगितलं, त्यांनी एकच विचारलं, भाड्याच्या मेलवर जायचं का नाही सगळे जातायत तसं. ८६ जणांचं महिन्याचं भाडं कागदावर मांडून दाखवलं, आणि गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आपल्याच जागेत राहतात हेही बोललो. म्हणाले, मग नवीन मशीन घे, पण एक मेल जाता कामा नये. हे मलाही मान्यच आहे. आमच्याकडं मेल म्हणजे गप्पा नव्हेत. कुठल्या हीट नंबरचं, म्हणजे भट्टीच्या कुठल्या घाण्याचं, मेटल कुणाला गेलं, ड्रॉइंगची कितवी आवृत्ती कधी मंजूर झाली, सगळं मेलमध्ये आहे. २०२१ ला एका पंप बॉडीला क्रॅक गेला म्हणून गिऱ्हाईक सगळा लॉट परत पाठवत होतं, तेव्हा सहा वर्षांपूर्वीचा एक मेल सापडला, ज्यात त्यांच्याच माणसानं भिंतीची जाडी कमी करायला सांगितली होती. त्या एका मेलनं लॉट वाचला. तेव्हापासून मी ह्या सर्व्हरकडं वेगळ्या नजरेनं बघतोय.

२४ मे, शुक्रवार

नवीन मशीन आलं. टॉवर, ३२ जीबी ईसीसी रॅम, दोन १.९२ टीबी एसएसडी मिररमध्ये. त्यावर डेबियन १२ ही सिस्टिम टाकली.

जागा मात्र बदलायला लावली. जुनं मशीन जिन्याखाली आहे, मोल्डिंग शॉपच्या भिंतीला लागून. आज बंद न करता नुसतं पुढचं झाकण काढलं, आत फॅनच्या पात्यावर काळी भुकटी अशी बसलीय की बोटानं ओढली तर पोपडा निघतोय, आणि ती नुसती माती नाही, वाळू आणि लोखंडाची धूळ. चुंबक नेला जवळ, भुकटी उभी राहिली. नऊ वर्षं हे मशीन ह्या धुळीत चाललं ह्याचंच नवल. नवीन मशीन वर ऑफिसमध्ये, स्टोअरच्या शेजारच्या बंद खोलीत ठेवणार.

वायरमन मामांना बोलावून तिथलं अर्थिंग बघायला लावलं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ७ व्होल्ट दाखवायलंय. मामा म्हणाले दोनच्या आत पाहिजे, शेजारी इंडक्शन फर्नेस असल्यावर असंच होतंय, खड्डा कोरडा पडला असणार. मी काळजीत दिसलो म्हणून कानडीत म्हणाले, "चिंती माडब्याड्री," काळजी करू नका. उद्या मीठ-कोळसा घालून पाणी सोडणार.

२८ मे, मंगळवार

अर्थिंग १.४ वर आलं. मामांचे आभार.

पहिली कॉपी काल संध्याकाळी ६ ला लावली होती, आरसिंक ह्या कॉपीच्या कमांडनं, सकाळी ८ ला संपली. १४ तास. नेटवर्क रिकामंच होतं, वेळ खाल्ला तो जुन्या डिस्कनं आणि लाखो बारक्या फाइलींनी. आता ह्यापुढं रोज रात्री फक्त बदललेलं तेवढं येणार, ते तासाभरात व्हायला पाहिजे.

कॉपी करताना युजर नंबर जसेच्या तसे ठेवलेत, आणि डोव्हकॉटच्या इंडेक्स फाइली सोडल्यात कारण त्या तो परत बनवतो. पण यूआयडीची, म्हणजे प्रत्येक मेलच्या क्रमांकाची, जी यादी प्रत्येक फोल्डरमध्ये असते ती सोडायची नाही, काही झालं तरी नाही. ती गेली की प्रत्येकाच्या कॉम्प्युटरला वाटतं हे सगळे मेल नवीनच आहेत आणि ८६ जण एकदम ६४० जीबी परत ओढायला लागतात.

१ जून, शनिवार

एक गोष्ट आज शिकलो, चाचणीत शिकलो हे बरं. माझ्याच मेलबॉक्सवर दुसरी कॉपी फिरवली आणि नव्या मशीनवर उघडून बघतोय तर कालचे मेल दोन-दोन दिसायलेत. एक वाचलेला, एक न वाचलेला. तासभर डोकं धरून बसलो. कारण साधं आहे. मेलडिर ह्या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक मेल ही एक फाइल, आणि तुम्ही मेल वाचला की त्या फाइलीचं नावच बदलतं, शेवटी वाचल्याची खूण लागते. पहिल्या कॉपीत जुन्या नावाची फाइल आली, दुसऱ्या कॉपीत नवीन नावाची आली, जुनी तशीच राहिली. म्हणून दुसऱ्या फेरीपासून डिलीटचा ऑप्शन लावायचाच, म्हणजे इकडं जे नाही ते तिकडूनही जातं. आणि तो लावताना कुठून कुठं हे दोनदा वाचायचं, उलटं झालं तर जुना सर्व्हर पुसला जाईल. मी कमांड कागदावर लिहून शेजारच्या पोराला मोठ्यानं वाचायला लावली, मग एंटर मारलं.

४ जून, मंगळवार

आज लोकसभेचा निकाल, ऑफिसात सगळे टीव्हीपुढं. मी वरच्या खोलीत निवांत होतो आणि डीकेआयएमचं, म्हणजे मेल खरंच आमच्या कंपनीचा आहे हे दाखवणाऱ्या डिजिटल सहीचं, काम हातात घेतलं.

नव्या मशीनवरून माझ्या जीमेलवर चाचणीचा मेल टाकला, गेला, इनबॉक्समध्ये पडला पण. मूळ हेडर उघडून बघितलं तर डीकेआयएमची सहीच नाही. जुनी किल्ली तीच, सिलेक्टर (किल्लीचं नाव) तोच, सगळं जिथल्या तिथं. मग सापडलं, डेबियन १२ मध्ये पोस्टफिक्सचे बरेचसे भाग स्वतःच्या एका कोंडलेल्या फोल्डरमध्ये चालतात, त्याबाहेरचं त्यांना दिसत नाही, आणि सही करणाऱ्या प्रोग्रॅमचं सॉकेट, म्हणजे त्याच्याशी बोलायची जागा, बाहेर होतं. सेंटॉसवर हा कोंडवाडा मुळात चालूच नव्हता, म्हणून तिथली सेटिंग इथं आंधळेपणानं आणून चालत नाही. सॉकेटच्या जागी लोकल पोर्ट दिला, झालं.

ह्यात मला जे टोचलं ते वेगळंच. जुन्या कॉन्फिगमध्ये कुणीतरी लिहून ठेवलेलं की सही करणारा भेटला नाही तरी मेल जाऊ दे. म्हणून एरर नाही, लॉगमध्ये एक बारीक ओळ, मेल बिनसहीचे आपले जातायत. ते काढून टाकलं. आता सही करणारा भेटला नाही तर सर्व्हर मेल तेवढ्यापुरता घेणारच नाही, पाठवणाऱ्याला एरर दिसेल आणि मला कळेल. यंदाच्या फेब्रुवारीपासून जीमेलनं पाठवणाऱ्या सगळ्यांनाच एसपीएफ (आपल्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) नाहीतर डीकेआयएम सक्तीचं केलंय, शिवाय आयपीवरून, म्हणजे सर्व्हरच्या नेटवरच्या नंबरवरून, उलटं शोधलेलं नाव जुळलं पाहिजे. त्यासाठीच बाहेरचा आयपी तोच ठेवतोय. नव्या आयपीला मोठ्या मेलवाल्यांकडं काही पत नसते, ती व्हायला दिवस जातात, तोवर कोटेशन स्पॅममध्ये.

८ जून, शनिवार

हे नीट लिहितो, कारण सगळ्या कामात आजचा दिवस महत्त्वाचा.

काल मृग निघालं, आमच्या येळ्ळुरात धूळवाफ पेरण्या झाल्यात, सकाळी शेतावर जाऊन आलो आणि अकराला ऑफिसात बसलो. ठरवलेलं की आज दोन्ही मशीनवरचा साठा ताडून बघायचा. आधी जागा मोजली, इकडं ६४०, तिकडं ६४० आणि वर थोडं. जुळलं. दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता, खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं की झालं आता. पण २० तारखेला मालक बोललेले ते डोक्यात होतं, एक मेल जाता कामा नये, आणि मेल जीबीत मोजत नाहीत. म्हणून डोव्हकॉटलाच विचारलं, प्रत्येक मेलबॉक्सच्या प्रत्येक फोल्डरमध्ये किती मेल, दोन्हीकडं, आणि दोन याद्या समोरासमोर लावल्या.

८५ मेलबॉक्स जुळले. खरेदी विभागाचा एक, ११,४८२ मेल कमी.

आधी वाटलं यादी बनवताना चुकलं. परत बनवली. परत ११,४८२. मग त्या मेलबॉक्सच्या फोल्डरची लिस्ट काढली. आता, डिस्कवर मराठी फोल्डरचं नाव मराठीत दिसत नाही, & ह्या चिन्हानं सुरू होऊन आडव्या रेघेवर संपणारी इंग्रजी अक्षरांची रांग दिसते, मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या आयमॅपची ती जुनी पद्धत आहे. असली पंधरा-वीस नावं त्यात होती म्हणून माझी नजर कायम त्यावरून घसरत गेलेली. एक-एक उलगडून बघितलं. "दरपत्रके". "गिऱ्हाईक तक्रार". आणि "खरेदी जुनं", ज्याच्यापुढं एक बाण होता.

तो फोल्डर नव्हताच. ती नुसती लिंक होती. कधीतरी, बहुतेक २०१७ ला, कुणीतरी २०१४ ते १७ चे खरेदीचे सगळे मेल उचलून मशीनमधल्या तिसऱ्या, ५०० जीबीच्या डिस्कवर टाकले आणि मूळ जागी बाण ठेवला. आरसिंकनं बाण कॉपी केला, बाण जिकडं दाखवतो ती डिस्क नव्या मशीनवर नाहीच. आणि जागा मोजणारी डीयू कमांड बाणामागं जात नाही, म्हणून आकडा दोन्हीकडं जुळला.

पण खरा धसका पुढं बसला. आमचा रोजचा बॅकअप पण आरसिंकनंच होतो. बॅकअपची डिस्क लावून बघितली, तिथंही नुसता बाण. म्हणजे सात वर्षं ते ११,४८२ मेल एकाच एकट्या डिस्कवर, ना मिरर, ना बॅकअप, त्या काळ्या भुकटीत. ज्या मेलनं २०२१ ला लॉट वाचवला तो डिझाइनवाल्यांच्या मेलबॉक्समधला होता, तो सुरक्षित होता, पण तसलेच किती ह्या फोल्डरमध्ये असतील. मी खाली जाऊन जिन्याखाली उभा राहिलो थोडा वेळ. मशीन नेहमीसारखंच गुरगुरत होतं.

दुपारी दुसरं काहीच केलं नाही. आधी ती तिसरी डिस्क एका बाहेरच्या डिस्कवर पूर्ण उतरवली, मग लिंकच्या जागी खरा फोल्डर नव्या मशीनवर ठेवला, मग सगळ्या साठ्यात आणखी बाण आहेत का शोधले. अजून दोन निघाले, एक डिस्पॅचच्या मॅडमचा, एक सोडून गेलेल्या माणसाचा, दोन्हीच्या आत काही नव्हतं, नुसते रिकामे फोल्डर. संध्याकाळी परत मोजलं, ८६ पैकी ८६.

मालकांना फोन करून सांगितलं, लपवण्यासारखं काही नव्हतं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, बॅकअप आता तू महिन्यातून एकदा उघडून दाखवायचास मला. ठीक आहे, दाखवणार.

१२ जून, बुधवार

पाऊस जोरात, दुपारी दोनदा लाईट गेली. यूपीएसवर नवीन मशीन ४० मिनिटं धरतंय, जनरेटर तेवढ्यात येतो.

शनिवारची तयारी. शनिवारी संध्याकाळी बंद करणार, रविवारची सुट्टी आणि सोमवारी १७ ला बकरी ईद, असे अडीच दिवस मिळतात. सगळ्यांना नोटीस लावली, मराठीत आणि कानडीत दोन्ही, कानडी मजकूर स्टोअरच्या सरांनी लिहून दिला. एकीनं विचारलं, त्या वेळात गिऱ्हाइकाचा मेल आला तर? तर परत जात नाही. समोरच्या सर्व्हरला आपलं दार बंद दिसलं की तो मेल स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा येऊन बघतो, चार-पाच दिवस तरी तो कंटाळत नाही, एसएमटीपीचा, म्हणजे सर्व्हरनं सर्व्हरला मेल द्यायच्या पद्धतीचा, नियमच तसा आहे, १९८२ पासून मेल ह्याच विश्वासावर चाललंय. फक्त दार बंद पाहिजे. अर्धवट उघडं ठेवून "असा माणूस इथं नाही" असं उत्तर गेलं तर मात्र मेल कायमचा परत, म्हणून बाहेरचे मेल ज्यातून येतात ते दार, पोर्ट २५, सरळ फायरवॉलवरच बंद करणार.

१५ जून, शनिवार

६.३० ला पोर्ट २५ बंद. जुन्या मशीनच्या रांगेत ७ मेल अडकलेले, पाच चुकीच्या पत्त्यावरचे, दोन ढकलून पाठवले. मग डोव्हकॉट, पोस्टफिक्स दोन्ही बंद. शेवटची कॉपी ३८ मिनिटं. परत मोजणी, ८६ पैकी ८६, एक-एक ओळ बघितली.

८.१० ला जुन्या मशीनची केबल काढली आणि त्याचा आयपी नव्याला दिला. ऑफिसातून मेल चालू, वेबमेल चालू, मग बाहेरचं दार उघडलं आणि बाहेरून काहीच येईना. पावणेअकरापर्यंत. पोस्टफिक्स ऐकतोय, पोर्ट उघडा आहे, नव्या मशीनवर पॅकेट बघत बसलो तर बाहेरून एक पॅकेट पोचत नाही. शेवटी फायरवॉलमध्ये एका कोपऱ्यातल्या पानावर सापडलं, आयपी आणि नेटवर्क कार्डचा नंबर बांधून ठेवलेला, जुन्या कार्डाचा. नंबर बदलला आणि दोन मिनिटांत लॉग पळायला लागला. थांबलेले मेल एकामागं एक आत यायलेत. कोल्हापूर, पुणे, हुबळी, कोइमतूर. ते बघत दहा मिनिटं नुसता बसलो, छान वाटलं. वॉचमन काकांनी चहा आणून दिला, पावसात तिसऱ्या रेल्वे गेटाकडच्या गाड्यावरून.

१६ जून, रविवार

मेटल तपासायच्या स्पेक्ट्रो लॅबच्या कॉम्प्युटरवरून हीटचे रिपोर्ट मेल होईनात. तो विंडोज ७, त्याचं टीएलएस (मेल वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणूनचं कुलूप) जुनं, डेबियन १२ ते घेतच नाही. सगळ्यांसाठी जुनं टीएलएस परत चालू करणं सोपं होतं, केलं नाही. त्या एका कॉम्प्युटरला आणि स्कॅनरला, तेवढ्या दोनच आयपींना, आतल्या आत साधा रिले, म्हणजे टीएलएसशिवाय मेल पाठवायची मुभा, दिला.

१८ जून, मंगळवार

सकाळी ९.२० ला अकाउंटवाल्या काकांचा फोन, "अरे बाळा, माझं सगळं मेल परत यायलंय की, पाच हजार झालं, थांबंना!" पळत खाली गेलो, नेटची वायर काढली. काका अजून पॉपवर आहेत, म्हणजे मेल स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतात, आणि परवा २० तारीख, जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायचं, त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही.

चूक माझी. पॉपमध्ये प्रत्येक मेलला सर्व्हर एक ओळख-नंबर देतो आणि त्यावरून आउटलुक ठरवतं की हा आधी उतरवलाय का नाही. तो नंबर कसा बनवायचा ह्याची जुन्या सर्व्हरवर वेगळी ओळ होती, नव्यावर मी जशी येते तशी राहू दिली. यूआयडी सगळे बरोबर आले, पण त्यातून बनणारा नंबर वेगळा झाला. पॉपवाले तिघंच आहेत म्हणून मी चाचणी फक्त आयमॅपची केली होती. तिघं म्हणजे कमी नव्हेत, त्यातले एक काका आहेत ज्यांच्यावर सगळ्या कंपनीचा कर भरणं अवलंबून आहे. जुनी ओळ टाकली, दुसऱ्या दोघांचे कॉम्प्युटर चालू व्हायच्या आत. काकांची आउटलुकची फाइल शनिवारी कॉपी करून ठेवलेली, ती परत लावली, शनिवारनंतरचे १९ मेल तेवढे नीट आले. ११.०५ ला काका कामाला लागले. त्यांच्याजवळ बसून कबूल केलं कुठं चुकलं ते. ते म्हणाले, "मरूदे, पण पुढच्या वेळी मला आधी विचार, मी काय वापरतोय ते."

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा, ऑफिसातल्या निम्म्या बायका पूजा करून दुपारी आल्या, फोन कमी. सगळं शांत चाललंय. थ्री-बी काल वेळेत भरलं. रांग रिकामी, डीकेआयएमची सही प्रत्येक मेलवर, शोध पूर्वी दीड मिनिट घ्यायचा तो आता दोन-तीन सेकंदांत येतो. डिझाइनच्या सरांनी मुद्दाम वर येऊन सांगितलं.

बॅकअपची स्क्रिप्ट बदलली. आता आधी बाण शोधते, एक जरी सापडला तरी मला मेल करते, आणि शेवटी मेलची संख्या मोजून कालच्या संख्येशी ताडते.

२९ जून, शनिवार

मालकांना बॅकअप उघडून दाखवला, पहिल्यांदा. त्यांनी स्वतः "खरेदी जुनं" उघडलं आणि २०१६ चा एक मेल काढून वाचला, एका पिग आयर्नवाल्याचं दरपत्रक. त्या वेळचा दर बघून मान हलवली.

उद्या सेंटॉस ७ चा शेवटचा दिवस. जुनं मशीन बंद करून तिन्ही डिस्क बाहेर काढल्या, ब्रशनं साफ केल्या, प्रत्येकीवर तारीख आणि काय आहे ते चिकटवलं, आणि मालकांच्या कपाटात ठेवल्या. डिसेंबरपर्यंत कुणी पुसायच्या नाहीत, हेही चिठ्ठीवर लिहिलंय, मराठीत आणि खाली कानडीत.